ग्राइंडर लावण्याआधी

१९८३ साली एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० बाजारात आणली. मूळची यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि तेव्हाच्या आपल्या रस्त्यांना, पेट्रोलच्या भावाला आणि घरच्यांच्या काळजाला न झेपणारा वेग. यामाहाच्या मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतात येताना खर्च वाचवायला तो गेला आणि ड्रम आला. इंजिनाची ताकदही थोडी उतरवली होती, पण ब्रेकच्या मानाने ती भरपूरच उरली. पोरांनी आरडीचा अर्थ 'रॅपिड डेथ' असा लावून टाकला आणि त्यात निव्वळ अतिशयोक्ती नव्हती.

आता समजा, अशी राजदूत ३५० सांभाळून असलेल्या माणसाने आज पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतला. त्याने गाडी बिघडवली की सुधारली? 'कंपनी फिटेड'वाले म्हणणार, बिघडवली. कारखान्यातून ड्रम घेऊन आलेली गाडी ड्रमसहच राहिली पाहिजे. पण ज्यांनी ही मोटरसायकल मुळात कागदावर काढली त्यांनी तिला डिस्क दिली होती. मग मूळ कोणतं धरायचं, जपानचं की इथल्या काटकसरीचं? मला विचाराल तर दोन्ही. आणि म्हणूनच तो ड्रम काढल्यावर भंगारात न घालता तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवायचा.

जुन्या मोटरसायकलींचे दोन पंथ आहेत. एक रिस्टोअर करणाऱ्यांचा. गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशी होती तशी दिसली पाहिजे, बोल्टचं डोकंसुद्धा त्याच घाटाचं हवं. दुसरा मॉडिफाय करणाऱ्यांचा. गाडी माझी, ती माझ्यासारखी दिसली पाहिजे. पहिले दुसऱ्यांना कसाई समजतात, दुसरे पहिल्यांना पुजारी. माझं म्हणणं दोघांनाही फारसं आवडणार नाही. पूर्ववत केलं की बदललं, हा प्रश्न नंतरचा. आधी एवढंच विचारायचं, की जे केलं ते उद्या परत फिरवता येईल का? डिस्कचं चाक काढून ड्रमचं चाक पुन्हा बसवता येतं. फ्रेमची मागची कमान कापली की ती गेली. आणि गंमत अशी की ही कसोटी लावली तर पुजाऱ्यांचेही हात बरेच काळे निघतात.

आधी कापाकापीबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वजन कमी करायला मडगार्ड छाटलेल्या गाड्या निघाल्या, पुढे चॉपर आले, म्हणजे पुढचं चाक धरणारे काटे लांबवलेल्या गाड्या, आणि ती हौस फिरत फिरत दिल्लीच्या करोल बागेत बुलेटवर येऊन बसली. आता ती प्रत्येक शहरात आहे. बुलेट घ्यायची, सीटमागची फ्रेम कापायची, हेडचा कोन बदलून काटे लांबवायचे, मागे जाड टायर, टाकी दुसरीच. कारागिरी कधी कधी खरोखर उत्तम असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप कच्च्या मालाला आहे. रॉयल एनफील्ड गेली काही वर्षं वर्षाला आठ लाखांहून अधिक मोटरसायकली विकते आहे. त्यातली एखादी कापली तर इतिहासाचं काही जात नाही. जे जाईल ते मालकाचं आणि फार तर वाहतूक पोलिसांचं. पण मद्रासला १९५५ मध्ये एनफील्ड इंडिया उभी राहिल्यानंतर सुरुवातीच्या वर्षांत इंग्लंडमधल्या रेडिचहून आलेल्या सुट्या भागांवर जोडलेल्या बुलेट होत्या. तसली एखादी कुणाच्या गोठ्यात सापडावी आणि तिचा चॉपर व्हावा, याला मी कला म्हणायला तयार नाही. तोच चॉपर रॉयल एनफील्डच्या गेल्या वर्षीच्या क्लासिकवरही झाला असता. फक्त 'आतलं इंजिन पन्नासच्या दशकातलं आहे' ही बढाई मारता आली नसती.

हे झालं कसायांचं. आता पुजाऱ्यांकडे येऊ, कारण तिथे नुकसान जास्त गुपचूप होतं आणि त्याला वर बक्षिसंही मिळतात.

जावा घ्या. मुंबईच्या इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावाशी करार करून म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. १९६१च्या सुमारास गाड्या बाहेर पडू लागल्या, सत्तरच्या दशकात नाव येझदी झालं, १९७८ला रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. लाल टाकीच्या बाजूंना क्रोम, दोन सायलेन्सर, सहा व्होल्टचा डायनॅमो. किक आणि गिअर एकाच दांड्यात. किक आत दाबून पुढे फिरवली की तीच गिअर टाकते. अशी एखादी जावा पन्नास-साठ वर्षं एका घरात राहते. टाकीच्या क्रोमला गुडघ्यांनी घासून घासून जागा पडलेल्या असतात, हॅण्डलच्या रबरावरचे खाचे गुळगुळीत झालेले असतात, रंग उडाला तिथे खालचा थर दिसतो. तो कारखान्यात लावलेला रंग. त्याची छटा, त्याचा जाडपणा आणि त्याच्या खाली नेमकं काय आहे हे सांगणारं दुसरं काही शिल्लक नाही. म्हैसूरचा कारखानाच नाही, तर रंगाचा नमुना मागायचा कुणाकडे?

मग गाडी 'बनवायला' जाते. टाकी ॲसिडमध्ये, फ्रेम सँडब्लास्टिंगला. चॅसी नंबर पावडर कोटिंगच्या थराखाली अर्धा बुजतो. मूळ रंगापेक्षा कितीतरी जास्त चमकणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, वर क्लिअर कोट. कारखान्यात नुसतं ओतीव ठेवलेलं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, बफ होऊन त्यात तोंड दिसू लागतं. शिक्का असलेले जुने नट-बोल्ट जाऊन स्टेनलेसचे ॲलन बोल्ट येतात. जुना कार्ब्युरेटर 'कशाला ठेवता साहेब' म्हणत मेकॅनिककडेच राहतो. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा ब्रश धरून हाताने ओढलेल्या असत. त्यांच्या जागी स्टिकर लागतो. गाडी रॅलीत उभी राहते, लोक फोटो काढतात आणि मालक सांगतो, 'एकदम ओरिजिनल.' सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या तुळया काढून, तिथे सिमेंट ओतून, दर्शनी भागाला सागवानी रंग द्यावा, त्यातला हा प्रकार. त्या गाडीत १९६५चं काय उरलं, हे शोधायला आता नंबरच्या ठोक्यांपर्यंत जावं लागेल.

मी रिस्टोरेशनच्या विरोधात नाही. विहिरीतून काढल्यासारखी गंजलेली गाडी पुन्हा चालती करायला पत्रा बदलावा लागतो, रंग लावावाच लागतो. माझी तक्रार चालत्या, सजीव, फक्त म्हाताऱ्या दिसणाऱ्या गाड्या उघडण्याबद्दल आहे. इंग्लंडमध्ये २०१६च्या एप्रिलमध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात कॉर्नवॉलच्या बॉडमिन मूरवरच्या खोपटात सापडलेल्या ब्रफ सुपीरिअर या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या आठ मोटरसायकली विकल्या गेल्या. गंजलेल्या, काही तर सुट्या तुकड्यांच्या ढिगात. त्यातली १९३८ची चार सिलिंडरची बीएस४ तब्बल ३,३१,९०० पाउंडांना गेली. तोपर्यंत लिलावात कुठल्याही ब्रिटिश मोटरसायकलला एवढी किंमत आलेली नव्हती. पैशाची भाषा ज्यांना लवकर कळते त्यांच्यासाठी हे सांगतो आहे. बाजारानेसुद्धा न छेडलेल्या गाडीला भाव दिला, आणि आपल्याकडे अजून चमकेला बक्षीस आहे.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये ट्युरिन सनद केली. १९६४च्या व्हेनिस सनदेत वास्तू जपण्याची जी तत्त्वं आहेत तीच तिथे वाहनांना लावली आहेत. जपणं वेगळं, पूर्ववत करणं वेगळं, आणि शक्यतो कमीत कमी हात लावणं बरं. आपल्या हौशी मंडळींत या सनदेची चर्चा मी फारशी ऐकली नाही. क्रोमिंग कुठे चांगलं होतं याची मात्र रोज ऐकतो.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला या विषयातली सगळ्यात रोचक वाटते. गाडी म्हातारी होताना तिच्यात जे बदल झाले त्यांचं काय करायचं? राजदूत १७५ पोलंडच्या एसएचएल एम११वर बेतलेली होती. ती आपल्याकडे दुधाची गाडी म्हणून जगली. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला लोखंडी हूक, मागे वेल्डिंग केलेलं कॅरिअर, खचलेल्या स्प्रिंगा. गावागावांतल्या वेल्डरने ते आपापल्या अकलेने जोडलेलं असायचं. आज ती राजदूत 'रिस्टोअर' होते तेव्हा आधी हूक कापले जातात. का? कारण शोरूममध्ये हूक नव्हते. पण शोरूममध्ये ती गाडी फार तर महिनाभर उभी असेल. हूक घेऊन ती वीस वर्षं पहाटे चारला निघाली. तिचा खरा इतिहास त्या बेढब वेल्डिंगमध्ये आहे.

दिल्लीत युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या हार्लेंच्या मागे डबा जोडून फटफटी-रिक्षा निघाल्या आणि चांदनी चौकाच्या भागातून लोकांना नेत राहिल्या. नव्वदच्या दशकाअखेर प्रदूषणामुळे त्या बंद झाल्या. उत्तरेत बुलेटच्या फ्रेममध्ये शेतीपंपाचं डिझेल इंजिन बसवलं जायचं. एनफील्डने स्वतःच पुढे टॉरस नावाची डिझेल बुलेट विकली. लंडनला नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेजवळ जमणाऱ्या पोरांनी नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन घातलं आणि तिला ट्रायटन म्हटलं. तेव्हाच्या शुद्धतावाद्यांना तो भ्रष्टाचार वाटला असणार. आता साठच्या दशकातली खरी ट्रायटन कुणी पुन्हा नॉर्टन करायला निघाला तर लोक त्याला अडवतील, आणि योग्यच करतील.

म्हणजे कालचं मॉडिफिकेशन आजचा ऐवज होऊ शकतो. यावर मॉडिफायवाले लगेच म्हणतील, मग आमचा चॉपरही चाळीस वर्षांनी ऐवज होईल. होईल कदाचित. पण फरक आहे. दूधवाल्याने हूक लावले तेव्हा राजदूत ही ढिगाने मिळणारी, कामाची गाडी होती; ट्रायटन बांधणाऱ्यांसमोर चालू बाजारातली नॉर्टन होती. त्यांनी आपल्या काळातली गाडी आपल्या गरजेसाठी बदलली. आज शिल्लक राहिलेल्या मूठभर जुन्या गाड्यांतली एखादी उचलून ती इन्स्टाग्रामसाठी कापणं त्यांच्या परंपरेत बसत नाही. त्या परंपरेला जागायचं तर आजची पल्सर कापावी. चाकणहून हव्या तेवढ्या निघतात.

जर्मनीने हा फरक कायद्यात घातला आहे. तिथे तीस वर्षं जुन्या, तपासणीत टिकणाऱ्या गाडीला नंबराअखेर 'एच' अक्षर मिळतं, आणि त्या गाडीच्या काळात होऊ शकणारे बदल चालतात. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे गाडीची ओळख ठरवायला गुण मोजले गेले: मूळ फ्रेमला ५, चाकांचे आस (ॲक्सल), सस्पेन्शन, गिअर, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला अवघा १. ओळख टिकवायला ८ लागत. इंजिन बदललं तरी गाडी तीच राहते. फ्रेम कापली तर तिच्यावर प्रश्नचिन्ह लागतं. मला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडचा हिशेब पाहा. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेले भाग लावून बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सायलेन्सर बदलून गल्लीत फटाके फोडणाऱ्यांसाठी हे बरं आहे. पोलिस जप्त सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवतात तेव्हा मलाही वाईट वाटत नाही. पण फ्रेम कापणं आणि ब्रेक सुधारणं यांतला फरक या कायद्याला दिसत नाही.

दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज ठरते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवायची तर 'व्हीए' मालिकेतला नंबर आणि वीस हजार रुपये शुल्क. इथपर्यंत ठीक. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. मोटरसायकल उभी राहून टिकत नाही. सील वाळतात, टाकी आतून गंजते, पिस्टन जाम होतो. शिवाय पन्नास वर्षं म्हणजे १९७८ची पहिली रोडकिंग २०२८ला पात्र होणार, राजदूत ३५० २०३३ला आणि १९८५ला आलेली यामाहाची आरएक्स १०० २०३५ला. फिवाची व्याख्या तीस वर्षांवर थांबते. मधल्या वीस वर्षांत गाडीला कायद्याचं काहीच छत्र नाही, आणि नेमक्या याच वयात ती कापली जाते.

त्यात इंधन बदललं. २०२५ मध्ये देशभर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आलं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचू शकतं, तिथूनच गंज धरतो. जुनी रबरी नळी फुगते, पेट्रोलच्या कॉकमधलं बूच आणि कार्ब्युरेटरचे जुने वॉशर यांना ते मानवत नाही, हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ झाल्याने इंजिन जास्त तापतं. म्हणजे कट्टर 'कंपनी फिटेड'वाल्यालाही सील आणि नळ्या बदलाव्याच लागणार, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारा जेट मोठा घालावा लागणार. ब्रेक शूचंही तसंच. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते आज हौसेने पुन्हा बसवण्यात काहीही पुण्य नाही. सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्यात नाशिक हायवेवर रात्री उतरण्यातही नाही. बारा व्होल्टची वायरिंग, पॉइंटच्या जागी त्याच झाकणाखाली बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगला बल्ब, नवे टायर: हे सगळं खुशाल करा. बाहेरून दिसत नाही आणि दुपारभरात परत फिरवता येतं. ज्याचा साचा मोडला आहे तो भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत लेथवर घडवून घ्या, फक्त त्यावर बारीकसा ठोका मारा की हा नवा आहे. पन्नास वर्षांनी ती गाडी उघडणाऱ्याला कळायला हवं, की कारखान्याचं कुठलं आणि आपलं कुठलं.

'गाडी माझी, मर्जी माझी' या मुद्द्याला मी कमी लेखत नाही. कुणाच्या आरसी बुकावर आपलं नाव नसताना त्याला उपदेश करणं सोपं असतं. आजोबांची येझदी नातवाने काळी मॅट रंगवली तर मी नाक मुरडेन आणि गप्प बसेन, कारण रंगावर रंग लागतो. पण फ्रेमच्या बाबतीत मर्जीचा मुद्दा तोकडा पडतो. कापणाऱ्याकडे गाडी आली कारण आधीच्या मालकांनी ती कापली नाही. त्यांचीही मर्जी होती, आणि पैशाची गरज कदाचित जास्त. तो पुढच्यालाही निवड नाकारतो आहे. कापलेल्या फ्रेमवर ना रिस्टोरेशन होतं ना दुसरं मॉडिफिकेशन.

परिवहन खात्याने करायचं फार अवघड नाही. तीस वर्षांनंतरच्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग करावा, रस्त्यावर चालवायची मुभा ठेवावी, तपासणीत फ्रेम आणि नंबर पाहावेत, आणि ब्रेक-दिवे-वायरिंगसारखे परत फिरवता येणारे बदल नुसत्या नोंदीवर मान्य करावेत. तसंच, एप्रिल २०१९पूर्वीच्या सगळ्याच गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. त्यात एमएच-१२ येण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या निघाल्या. त्या काढल्या असतील तर निदान फेकू नका.

क्लबांना मात्र मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत न रंगवलेल्या, न उघडलेल्या गाड्यांचा स्वतंत्र गट असतो. पुण्या-मुंबईच्या रॅलीत तो ठेवायला खर्च शून्य आहे. मूळ रंगातली, उडालेल्या क्रोमची, किक मारल्यावर चालू होऊन शेवटपर्यंत चालणारी गाडी, दुधाच्या कॅनचे हूक असतील तर ते धरून. पुढच्या अर्जात एक रकाना वाढवावा लागेल, आणि परीक्षकांना थोडा वेळ चमकेकडे दुर्लक्ष करावं लागेल.